कोठाराची भिंत

सर, ज्या घराचा उल्लेख तुम्ही तुमच्या कामांच्या कुठल्याच यादीत येऊ दिला नाही, त्या घरात मी जाऊन आले. एकदा नाही, दोनदा. आता ते घर उरलेलं नाही, आणि ते पाडावं असं ज्या कागदावर लिहिलं आहे त्याच्याखाली माझी सही आहे, म्हणून तुम्हाला सांगणं भाग आहे. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होऊन गेली. मराठी तर तुम्हाला कधीच येत नव्हती. तुमच्या बेटावर आपण दोघंही उसन्या इंग्रजीत बोलायचो, तुमची वेगळी मोडकी, माझी वेगळी. पण तुम्हीच एकदा म्हणाला होतात, की साइटवरची टिपणं ज्या भाषेत तू स्वतःशी भांडतेस त्या भाषेत लिही, चुका कमी होतील. तेव्हापासून मी तसंच करते. हेही तसंच लिहिते आहे.

तुमच्याकडे आले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावातल्या चिरेखाणीचे सात फोटो मी अर्जासोबत पाठवले होते, कारण दाखवण्यासारखं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. तुमचं उत्तर एका ओळीचं आलं : हा दगड ओला झाल्यावर वास कसा येतो? मी लिहिलं, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. त्यावर तुम्ही मला बोलावून घेतलंत. भूमध्य समुद्रातलं ते एवढंसं बेट, आणि तुमचं ऑफिस म्हणजे तुमच्या आईचं घर. दीड हात जाड भिंती, चुन्याचा गिलावा, सपाट छपरावर पडलेलं पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाकीत नेणारी पन्हाळ. पश्चिमेला स्वयंपाकघर आणि त्याच्या एकुलत्या एक रुंद खिडकीत समुद्र. पूर्वेला डोंगर, आणि त्या डोंगराच्या खडकातच कोरून काढलेलं बिनखिडकीचं कोठार. स्वयंपाकघरातल्या दगडी टेबलावर सकाळी नकाशे असायचे, दुपारी ताटं. पांढऱ्या घेवड्याचे दाणे तुम्ही स्वतः शिजवायचात, टोमॅटो आणि ऑलिव्हचं तेल घालून, आणि गवंडी, सुतार, मी, सगळे एकाच टेबलाशी बसून जेवायचो. मासे मात्र तुम्हाला करता येत नव्हते, हे कोकणातल्या मुलीला आता तरी सांगू द्या.

बाहेरच्या जगात तुमचं नाव मोठं होतं. विद्यापीठांतून माणसं यायची, बंदरावरच्या मासळीबाजाराचे, वरच्या गावातल्या शाळेचे, बारा खाटांच्या त्या दवाखान्याचे फोटो काढायची, आणि मग टेबलाशी बसून तुमच्या तत्त्वज्ञानाबद्दल विचारायची. तुम्ही खांदे उडवायचात. तत्त्वज्ञान कसलं, म्हणायचात. दगड इथला, चुना इथल्या भट्टीतला, वारा कुठून येतो ते म्हाताऱ्या बायकांना विचारलं, झालं. ती शाळा बांधण्याआधी तुम्ही गावातल्या आठ म्हाताऱ्यांना विचारलं होतं की दुपारी तुम्ही कुठे बसता, आणि त्या जिथे बसायच्या तिथे वर्ग काढले होते. वाळवंटातल्या कुठल्याशा श्रीमंत शहरातून एक गृहस्थ आलेले मला आठवतात. त्यांना तुमचा मासळीबाजारच हवा होता, फक्त दहापट मोठा. तुम्ही त्यांना पोटभर जेवू घातलंत आणि म्हणालात, "घर बोटीत चढत नाही." ते हसले. तुम्ही हसला नव्हतात. पुढे तेच वाक्य तुमच्यावरच्या लेखांतून सगळीकडे छापून आलं. हवामान, स्थानिक साहित्य, कारागिरी, असे त्याचे अर्थ लावले गेले. वीस वर्षं मीही तेच अर्थ लावत होते.

माझ्यावर तुम्ही एकदाच भयंकर चिडलात. पेन्सिली शोधताना खालच्या खणात मला एक नकाशा सापडला होता. याच घराचा. टेबल, कोनाडे, कोठार, सगळं मापासकट तेच. पण कोपऱ्यात तुमच्या अक्षराशेजारी दुसरी कुठली तरी लिपी होती, मला वाटलं चिनी असेल, आणि समुद्र कोठाराच्या बाजूला काढलेला होता. नकाशा काढणाऱ्याची चूक असेल म्हणून मी तो घेऊन आले. "सर, यात समुद्र चुकीच्या बाजूला आहे." तुम्ही हातातला सुरा खाली ठेवलात. कागद इतक्या जोरात ओढून घेतलात की त्याचा कोपरा माझ्या चिमटीत राहिला. "हे माझं काम नाही," तुम्ही म्हणालात. "पुन्हा तो खण उघडलास तर पुढच्या बोटीने घरी जा." दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या जागेवर एक पितळी ओळंबा ठेवलेला होता, तुमच्या पहिल्या मिस्त्रीचा, दोरीसकट. "भिंत सरळ आहे की नाही ते हा सांगेल," तुम्ही म्हणालात. "ती कुठे असायला हवी होती, ते कोणीच सांगत नाही." मी त्याला माफी समजले आणि ओळंबा ठेवून घेतला.

आईबद्दलही तुम्ही एकदाच बोललात. स्वयंपाकघराच्या फरशीवर एक झिजलेला पट्टा होता, कोठाराच्या दारापासून खिडकीपर्यंत. त्याच्या एका बाजूला पावलांनी पडलेले खोलगे, दुसऱ्या बाजूला घासटत गेलेली एक लांब रेघ. हे कशाने, असं मी विचारलं, तेव्हा शेंगा सोलता सोलता तुम्ही सांगितलंत की लहानपणी आईचा डावा पाय टाकीच्या पायऱ्यांवर मोडला, तो ती ओढत चालायची. तुमचे वडील मासेमारीला जायचे. तीनच्या सुमाराला परतणाऱ्या बोटी दिसू लागायच्या, म्हणून तीन वाजले की ती हातातलं काम टाकून खिडकीशी यायची. एके दिवशी त्यांची बोट आली नाही. त्यानंतरही ती रोज यायची, बघायची, परत जायची. "ती गेली तेव्हा मी बेटावर नव्हतो," तुम्ही म्हणालात. मी विचारलं, कुठे होतात. "कामावर," म्हणालात, आणि पुढची शेंग उचललीत.

दोन वर्षांनी मी गावी परत आले. लग्न झालं, नवऱ्याला जपानमधलं काम मिळालं, आणि त्याच्या व्हिसाला जोडून मीही इकडे आले. टोकियोतल्या हिगाशी-कसाईत आम्हाला आता चौदा वर्षं झाली. तो तोयोसुला ऑफिसात जातो, मुलगी इथल्याच शाळेत जाते आणि मी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर देते. पहिली चार वर्षं मी एका बेंतो कारखान्यात बाइतो, म्हणजे तासांवरचं काम, करत होते, पट्ट्यावरून सरकणाऱ्या डब्यांत भातावर लोणच्याचा एकेक तुकडा ठेवायचा. तुम्ही गेल्याचं मला तिथल्याच जेवणाच्या सुट्टीत, मोबाईलवर कळलं. हातमोजे काढून मी तो मजकूर दोनदा वाचला आणि परत पट्ट्याशी जाऊन उभी राहिले. मग भाषा जमली, आणि एका लहान ऑफिसात नोकरी लागली. रिकाम्या पडलेल्या घरांची तपासणी करून ते राहण्याजोगं आहे की पाडायचं, हे आम्ही लिहून देतो. अशी घरं इथे गावोगावी आहेत. म्हातारी माणसं जातात आणि मुलं टोकियोतून परतत नाहीत.

गेल्या ऑक्टोबरात शाचोंनी, म्हणजे आमच्या मालकांनी, एक फाईल माझ्यापुढे ठेवली. "सेतोच्या आतल्या समुद्रातलं बेट आहे," ते म्हणाले. "परदेशी धाटणीचं घर. मालकीणबाई केअर होममध्ये असतात, पुतण्याला पाडून जमीन विकायची आहे. वास्तुकार कोण ते कुठेच सापडत नाही. सापडलं तर लिहा." सोबत एकच फोटो होता, रस्त्यावरून काढलेला. त्यात नुसती झाडी होती. मी पहाटेची शिन्कान्सेन धरली, मग लोकल, मग फेरी, आणि बाराच्या सुमाराला उतरले. त्या बेटावर ऑलिव्हची झाडं आहेत. हे मला ऐकून माहीत होतं, तरी धक्क्यावरून चढण चढताना तो करडा हिरवा रंग दिसला आणि माझी चाल मंदावली.

दारात पोचले. किल्ली फिरवताना माझा डावा हात आपोआप खाली गेला, दार किंचित उचलून धरायला. तुमच्या आईच्या घराचं दार उचलल्याशिवाय उघडायचं नाही. हेही उचललं आणि उघडलं. आपण काय केलं ते मला तोवर कळलंच नव्हतं. आत पाऊल टाकलं ते बरोबर त्या अर्ध्या पायरीवर पडलं, जिथे तुमच्याकडे येणारा प्रत्येक नवखा अडखळायचा. टॉर्च हातात तशीच, न पेटवलेली. काळोख्या बोळातून मी सरळ चालत जाते, उजवीकडे वळते, आणि स्वयंपाकघरात उभी असते. दगडी टेबल. वर तीन आडवे वासे. चुलीशेजारचा मिठाचा कोनाडा, आणि त्यात ओल धरून दगड झालेलं मीठ. अंगावर काटा आला असं म्हणायची पद्धत आहे. मला तसं काही झालं नाही. मला फक्त भूक लागली, कारण त्या जागी उभं राहिल्यावर दोन वर्षं रोज मला भूकच लागायची.

मग मी खिडकी उघडली. तिच्यात समुद्र असायला हवा होता. तिथे डोंगर होता. काळा, ओला, हात लांबवला तर लागेल इतका जवळ, बांबूंनी गच्च भरलेला. खिडकीभर दुसरं काहीच नव्हतं, आकाशाची चीरसुद्धा नाही. समुद्र घराच्या दुसऱ्या अंगाला होता. मघाशी चढताना तो मला सगळा वेळ दिसत आला होता. त्या अंगाला कोठार होतं. तुमच्या बेटावर खडकात कोरलेलं म्हणून त्याला खिडकी नव्हती. इथे खडक नव्हता, पलीकडे उघडं पाणी होतं, तरी भिंत तशीच आंधळी ठेवलेली होती, दीड हात जाड. तो नकाशा मला तेव्हा आठवला. ती लिपी चिनी नव्हती.

मी कामाला लागले. काम करताना डोकं जागेवर राहतं हे तुम्हीच शिकवलंत. गिलावा ठोकून पाहिला, निम्मा पोकळ वाजत होता. चुन्याच्या भिंतींनी इथल्या दमट उन्हाळ्यांत पाणी पिऊन पिऊन काळी बुरशी धरली होती. ओळंबा सोडला, भिंती मात्र रेघभरही हलल्या नव्हत्या. फरशीवरची धूळ झाडली, आणि कोठाराच्या दारापासून खिडकीपर्यंत गेलेला पट्टा वर आला. एका बाजूला खोलगे, दुसऱ्या बाजूला लांब घासटलेली रेघ. मी टेप लावला. रेघ डाव्या बाजूला होती. फरशी अशी का झिजली असेल याची चार कारणं मी वहीत लिहून काढली, आणि चौथं लिहीपर्यंत पहिली तिन्ही मलाच पटेनाशी झाली होती.

तीन वाजून गेले असतील नसतील. कोठाराच्या बाजूने एक पाऊल वाजलं. मग घासटण्याचा आवाज. पुन्हा पाऊल, पुन्हा घासटणं. मला वाटलं पुतण्या आला. मी "सुमिमासेन" म्हणत, कोणी आहे का अशी हाक दिली. कोणी ओ दिली नाही. आवाज स्वयंपाकघरात आला, टेबलाच्या पलीकडून, माझ्यापासून चार हातांवरून गेला आणि खिडकीशी थांबला. सर, मला काहीही दिसलं नाही. गारवा नाही, वास नाही. फक्त खिडकीसमोरची जागा रिकामी नव्हती, एवढं मला कळत होतं, जसं पाठीमागे कोणी उभं राहिलं की न बघता कळतं. बांबूतून पाणी ठिबकत होतं. बऱ्याच वेळाने ती पावलं परत फिरली. येताना होती त्याहून सावकाश. मी टेप तिथेच टाकून बाहेर आले आणि फेरीच्या धक्क्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी घरी मुलीने विचारलं, "ममा, कोवाकत्ता?" म्हणजे, भीती वाटली का. मी नाही म्हटलं. मग भाजी का करपली, असं तिने जपानीतच विचारलं.

फॉर्मवर घराचा इतिहास लिहावा लागतो, म्हणून पुढच्या आठवड्यात मी मालकीणबाईंना भेटायला त्या बेटासमोरच्या शहरातल्या केअर होममध्ये गेले. ब्याण्णव वर्षांच्या, खुर्चीत ताठ बसलेल्या. तोंडाने मी त्यांना आडनावापुढे सान लावून बोलवत होते, मनात आजी म्हणत होते. घर कोणी बांधलं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "नाव सांगणार नाही असं मी त्यांना कबूल केलं आहे." मी मोबाईल काढला आणि तुमचा फोटो त्यांच्यापुढे धरला, टेबलाशी घेवडा निवडत बसलेला, आणि हे माझे सर, असं सांगितलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, खूप वेळ पाहिलं.

"म्हातारे झाले होते तर," त्या म्हणाल्या. आणि मग, चहात साखर हवी का असं विचारावं तसं विचारलं, "तुम्ही तीन वाजता होतात का तिथे?"

मी हो म्हटलं. त्यानंतर त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे यजमान जहाजावर कप्तान होते. दुरुस्तीसाठी त्यांचं जहाज तुमच्या बंदरात लागलेलं असताना ते तापाने पडले, आणि तुमच्या आईने त्यांना महिनाभर घरात ठेवून घेतलं, स्वयंपाकघरापलीकडच्या खोलीत. आयुष्यात इतकी शांत झोप पुन्हा लागली नाही, असं ते म्हणायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी तुम्हाला लिहिलं, मला तेच घर हवं, इंचाइंचाने तेच. तुम्ही तरुण होतात, नाव काढायचं होतं, आलात. होकायंत्रावरही घराचं तोंड रेघभर बदलता कामा नये, असा कप्तानांचा हट्ट होता, म्हणून दिशा तीच ठेवलीत आणि समुद्र मागे गेला. "मी म्हटलं होतं तुमच्या सरांना, समुद्र उलट्या बाजूला आहे," आजी म्हणाल्या. "ते म्हणाले, घर आतून बरोबर असलं की झालं. शेवटचा गिलावा चालू असताना त्यांना तार आली, आई गेल्याची. अंत्यविधीला पोचणं शक्य नव्हतं. ते काम पुरं करून गेले."

"आवाज कधी सुरू झाला?"

"त्याच हिवाळ्यात. यजमानांना ऐकू यायचा नाही. तीन वर्षांनी ते गेले. पुढे दोन वर्षांनी तुमच्या सरांचं पत्र आलं, घर कसं आहे. मी लिहिलं, घर चांगलं आहे, फक्त तीन वाजता कोणीतरी येतं, डावा पाय ओढत. महिन्याभरात ते स्वतः आले. टेबलाशी बसले. तीन वाजले, त्या आल्या. खिडकीशी उभ्या राहिल्या. तुमच्या सरांनी त्यांच्या भाषेत एकच शब्द उच्चारला. तो शब्द कुठल्याही भाषेत कळतो."

बाहेर कोणीतरी चाकांची ट्रॉली ढकलत गेलं. आजी थांबल्या, ती जाईपर्यंत.

"ते म्हणाले, घर पाडून टाकू. मी म्हटलं, मग त्या कुठे जातील? मग म्हणाले, कोठाराची भिंत फोडतो, तिथे खिडकी काढतो, त्यांना समुद्र दिसेल. अवजारं आणायला निघालेच होते." त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "मी नको म्हटलं. त्यांना सांगितलं, भिंतीला हात लावलात तर छप्पर खाली येईल, मला भीती वाटते. ते खोटं होतं. समुद्र दिसला तर त्या निघून जातील असं मला वाटलं. घरात दुसरं कोणाचं पाऊल वाजत नव्हतं. रोज तीन वाजता मी दोन पेले चहा करायचे, एक खिडकीत ठेवायचे. पन्नास वर्षं मी त्यांना त्या डोंगराकडे बघायला लावलं."

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "मी होते तोवर निदान सोबत होती. आता तिथे कोणी नाही. घर पाडायचंच आहे ना? मग ती भिंत आधी पाडायला सांगा. एक दुपार तरी मोकळी ठेवा."

सर, तुमचं नाव मी लिहिलं असतं तर ते घर वाचलं असतं. भूमध्य समुद्राबाहेरचं तुमचं एकुलतं एक काम, तेही जपानमध्ये. प्राध्यापक आले असते, बुरशी काढून भिंती पांढऱ्या केल्या असत्या, तिकीट लावून लोकांना आत सोडलं असतं. शोध माझ्या नावावर जमा झाला असता. बेंतोच्या पट्ट्यावर चार वर्षं काढलेल्या बाईला त्याचा मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. दोन दिवस तो रकाना रिकामा ठेवून मी फॉर्म घेऊन बसले होते. तुमचं ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात येत होतं, आणि ते मला हवामानाबद्दल आहे असं वाटेनासं झालं होतं. ज्याने आपली आई बोटीत चढवून परक्या डोंगरासमोर आणून ठेवली, त्या माणसाचं ते वाक्य होतं. पुढची सगळी वर्षं, तो मासळीबाजार, ती शाळा, त्या आठ म्हाताऱ्या कुठे बसतात ते विचारत फिरणं, सगळं मला त्या एका दुपारीतून निघालेलं दिसायला लागलं. तिसऱ्या दिवशी मी वास्तुकाराच्या रकान्यात "फुमेई" लिहिलं. अज्ञात. आणि शेवटी, पाडावं.

फेब्रुवारीत काम निघालं. पाडकामाचा मुकादम साठीचा, कमी बोलणारा माणूस होता. सकाळी त्याने चारी कोपऱ्यांत मीठ आणि साके, म्हणजे तांदळाची दारू, शिंपडली, हात जोडले. मी त्याला म्हटलं, कोठाराची समुद्राकडची भिंत आधी काढा आणि मग साडेतीनपर्यंत काम थांबवा.

"ती आधी काढली तर छप्पर टेकू मागेल," तो म्हणाला.

"टेकू कुठे लावायचे ते मी दाखवते."

"कारण काय लिहू?"

"काही लिहू नका. आतल्या माणसाला समुद्र दाखवायचा आहे."

मला वाटलं तो हसेल. त्याने हेल्मेट काढून डोकं खाजवलं. "माझे वडील विहीर बुजवताना बांबूची नळी उभी करून ठेवायचे," तो म्हणाला, "आतल्या देवाला श्वास घेता यावा म्हणून. दाखवू." एकपर्यंत भिंत खाली आली. धूळ बसल्यावर कोठारातून उजेड आत शिरला, बोळ ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत गेला, आणि तो झिजलेला पट्टा टोकापासून टोकापर्यंत दिसायला लागला. पलीकडे पाणी होतं, त्यावर दोन मासेमारीच्या होड्या. मुकादम आपली माणसं घेऊन खालच्या रस्त्याला जेवायला गेला. मी तुमच्या टेबलाशी बसले.

दुसऱ्या दिवशी आजींना भेटून सांगितलं. तीन वाजता पाऊल वाजलं, म्हटलं. कोठाराच्या दारात थांबलं, खिडकीकडे आलंच नाही. उलटं वळलं, त्या मोकळ्या जागेशी गेलं, आणि परत फिरल्याचा आवाज मी ऐकला नाही. साडेतीनपर्यंत थांबले होते, म्हटलं. आजींनी डोळे मिटून दोन्ही हात जोडले. मग त्यांनी नर्सला बोलावून चहा मागवला, एकच पेला. मार्चअखेरीस त्या गेल्या. पुतण्याचा फोन आला होता. झोपेतच गेल्या, म्हणाला, चेहरा शांत होता.

हे मी कोणाला दाखवणार नाही, आणि तुम्हाला तर पोचण्याचा प्रश्नच नाही, म्हणून लिहून टाकते. त्या दुपारी टेबलाशी बसल्या बसल्या माझ्या मनात आलं, की इतक्या वर्षांची सवय आहे, ती पुन्हा त्या जुन्या खिडकीशीच गेली तर? डोंगराकडे बघून तशीच परत फिरली तर? ते ऐकून मग आजींसमोर काय बोलायचं, हे मला सुचेना. सव्वादोनला मी सामान उचललं आणि धक्क्याकडे उतरले. सर, तीन वाजता तिथे मी नव्हते. मी दोन चाळीसच्या फेरीत होते.